संमतीपत्रावरचा अंगठा

वर्धा शहराला लागून असलेले सावंगी (मेघे) हे नाव आज विदर्भातील असंख्य रुग्णांच्या तोंडी आहे. येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आणि पुढे या साऱ्या पसाऱ्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शहराच्या दुसऱ्या अंगाला, सेवाग्राम येथे, गांधी जन्मशताब्दीच्या सुमारास १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. आर्वी, हिंगणघाट, यवतमाळ, चंद्रपूर या बाजूंनी एस.टी.ने येणारा शेतकरी, शेतमजूर, विणकर आणि विडी कामगार या दोन ठिकाणी उपचारांच्या आशेने उतरतो. खऱ्र्याने पोखरलेले तोंड, सिकलसेलने पिचलेले लेकरू, वर्षानुवर्षे अंगावर काढलेला मधुमेह ही त्याच्याबरोबर आलेली दुखणी. उपचारांसाठी आलेल्या अशा रुग्णांपैकी काहींच्या पुढे एखाद्या दिवशी एक निराळाच कागद येतो. तो संशोधनात सहभागी होण्याच्या संमतीचा कागद असतो. देशातील प्रत्येक मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात हा कागद रुग्णापुढे येतो. सावंगी त्याला अपवाद नाही आणि असण्याचे कारणही नाही.

या कागदावर उमटणारा अंगठा कोणत्या परिस्थितीत उमटतो, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा जेवढा आहे तेवढाच समाजरचनेचाही आहे. श्रमिकांच्या चळवळीने मजुरी, जमीन आणि धान्य यांचे प्रश्न हाती घेतले. श्रमिकाचे शरीर ज्ञाननिर्मितीसाठी वापरले जाते तेव्हा त्याचे हक्क कोणते, या प्रश्नाकडे मात्र चळवळीचे लक्ष फारसे गेलेले नाही.

ज्याला डॉक्टर मंडळी ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणतात, ती औषधचाचणी म्हणजे काय हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. एखादे औषध, लस, शस्त्रक्रिया किंवा उपचारपद्धती खरोखर गुणकारी आहे की नाही, आणि तिच्यापासून अपाय किती होतो, हे माणसांवर पद्धतशीरपणे पडताळून पाहणे म्हणजे चाचणी. पहिल्या टप्प्यात मोजक्या माणसांवर सुरक्षितता पाहतात. दुसऱ्यात मात्रा आणि गुण यांचा अंदाज घेतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांवर नव्या-जुन्या उपचारांची तुलना करतात. औषध बाजारात आल्यावर त्याच्यावर ठेवलेली नजर हा चौथा टप्पा. तुलनेसाठी रुग्णांचे गट पाडले जातात आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. ते डॉक्टर ठरवीत नाही आणि रुग्णही ठरवीत नाही. ही गोष्ट रुग्णाला अनेकदा उमगतच नाही. डॉक्टरांनी आपल्यासाठी विशेष उपचार निवडला आहे, अशा समजुतीत तो असतो. वस्तुतः उपचाराचा हेतू त्या एका रुग्णाचे भले हा असतो, तर चाचणीचा हेतू पुढच्या सर्व रुग्णांसाठी ज्ञान मिळवणे हा असतो. दोन्ही हेतू प्रामाणिक असू शकतात. परंतु ते एकच नाहीत, आणि हा भेद लपवणे ही फसवणूक होय.

२०२० साली कोविडच्या काळात सेवाग्रामच्या संस्थेत कोव्हिशील्ड लसीची चाचणी झाली. देशभरात त्या चाचणीत १,६०० स्वयंसेवक होते. त्या दिवसांत ‘तिसरा टप्पा’ हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येत होते. लोकांना विषय समजत नाही, असे म्हणणाऱ्यांना तेच उत्तर पुरेसे आहे. प्रश्न जिव्हाळ्याचा झाला आणि माहिती मिळू लागली की लोक समजून घेतात.

चाचणी म्हटली की ‘गरिबांना गिनिपिग बनवले’ अशी घोषणा आपल्याकडे चटकन उठते. तिच्यामागे खरा संताप आहे. पण सरसकट विरोध हे धोरण गरिबांच्याच हिताचे नाही. तोंडाचा कर्करोग पाहा. लवकरच्या अवस्थेत, गाठी दिसत नसतानाही, मानेची शस्त्रक्रिया त्याच वेळी करावी की गाठ दिसेपर्यंत थांबावे, असा वाद जगभर अनेक दशके चालू होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने भारतीय रुग्णांवर केलेल्या चाचणीने २०१५ साली तो निकालात काढला. त्याच वेळी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. खर्रा आणि तंबाखू यांनी ग्रासलेल्या विदर्भातील रुग्णाला या निष्कर्षाचा लाभ आज मिळू शकतो, तो चाचणीत सामील झालेल्या अनाम रुग्णांमुळे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती लिग्नोकेन हे बधिरीकरणाचे साधे, स्वस्त औषध टोचल्यास काय होते, हे टाटा स्मारकच्या पुढाकाराने ११ केंद्रांत १,५८३ स्त्रियांवर तपासले गेले. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांपर्यंत वाढलेले आढळले. ज्या जुन्या औषधावर कोणाची मक्तेदारी नाही आणि ज्यात नफा नाही, त्याची अशी चाचणी कोणती औषध कंपनी करील? डोके व मान यांच्या पसरलेल्या कर्करोगात निव्होल्युमॅब या अत्यंत महाग औषधाची नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रा देऊन पाहण्याचे काम त्याच रुग्णालयाने केले. वर्षभराने हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. औषध कमी खपावे अशी चाचणी करणे बाजाराच्या हिताचे नसते. ती सार्वजनिक संस्थाच करू शकते.

आणि विदर्भाला तर मुंबईपर्यंतही जाण्याची गरज नाही. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीच्या खेड्यांत १९९३ ते १९९८ या काळात घरच्या घरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांच्या हातून, तो राबवला गेला. ४७ गावांशी तुलना झाली. नवजात अर्भकांच्या मृत्यूंत ६२ टक्के घट आढळली. गावातली कमी शिकलेली स्त्री डॉक्टरांच्या अनुपस्थितीत बाळाचा जीव वाचवू शकते, हे राजकीयदृष्ट्याही मोठे सत्य त्या चाचणीने सिद्ध केले. तेव्हा चाचणी कोण करतो, कोणता प्रश्न विचारतो आणि उत्तराचा मालक कोण, यावरून तिची परीक्षा व्हावयास हवी.

या परीक्षेत भारतातील अनेक चाचण्या नापास झाल्या आहेत. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे हजारो किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस प्रात्यक्षिक प्रकल्पाच्या नावाखाली देण्यात आली. पुढे काही मुलींच्या मृत्यूंमुळे तो प्रकल्प थांबवावा लागला. मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही. परंतु वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या वतीने वॉर्डन आणि मुख्याध्यापक यांनीच संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा सरकारलाच आकडे द्यावे लागले. २००५ ते २०१२ या काळातील नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ रुग्ण दगावले होते. त्यांतील अनेक मुळातच गंभीर आजारी होते हे खरे. चाचणीमुळे झालेले मृत्यू ८० असल्याचे सरकारने मान्य केले. त्या ८० घरांना भरपाई मागण्याचा मार्ग तरी कोणी सांगितला होता काय?

याहून अवघड उदाहरण सार्वजनिक संस्थेचेच आहे आणि ते टाळून चालणार नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठी चाचणी केली. निम्म्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगरने ठरावीक काळाने केली. उरलेल्या निम्म्या स्त्रियांना आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ साली जाहीर झाले. निष्कर्ष मोलाचा होता. पण तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीच ठाऊक असताना निम्म्या स्त्रियांना तिच्याशिवाय ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला. समर्थकांचे उत्तर असे की, भारतात या स्त्रियांना एरवीही कोणतीच तपासणी मिळत नव्हती. म्हणजे त्यांचे काही हिरावून घेतले गेले नाही.

या उत्तरातच सारे वास्तव दडलेले आहे. राज्यसंस्था जे देत नाही, ते न मिळणे हीच ‘नेहमीची स्थिती’ मानली जाते आणि संशोधन त्या स्थितीवर उभे राहते. दोष एकट्या संशोधकांचा नाही. आरोग्यसेवा हक्क म्हणून न देणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. पुढची गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी. झोपडपट्टीतील त्या स्त्रियांच्या सहभागातून सिद्ध झालेली स्वस्त तपासणी देशभरातील स्त्रियांपर्यंत पोहोचली काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के होत्या. ज्यांनी ज्ञानासाठी शरीर दिले त्यांचे ऋण समाजाने फेडलेले नाही.

म्हणून संमतीचा प्रश्न केवळ कागदाचा नाही. ज्या रुग्णापुढे दोन वाटा खुल्या आहेत, त्याचाच होकार हा होकार असतो. समजा, समुद्रपूर तालुक्यातील एखादी कापूस वेचणारी बाई आजारी नवऱ्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात आली आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आपला आजार बसतो की नाही, हे तिला माहीत नाही. बाहेरून आणावयाच्या औषधांसाठी बैल विकावा लागेल या धास्तीत ती आहे. चाचणीत गेल्यास तपासण्या आणि औषध फुकट, असे तिला कळते. तिचा होकार कायद्याने वैध ठरेल. पण तो स्वतंत्र आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? हा होकार खऱ्या अर्थाने स्वतंत्र व्हावयाचा असेल, तर चाचणीत न जाताही तिच्या नवऱ्याला पूर्ण आणि मोफत उपचार मिळाले पाहिजेत. सार्वत्रिक मोफत आरोग्यसेवेची मागणी आणि संशोधनातील नीतीची मागणी या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत.

ती व्यवस्था येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. इंदूरच्या लढ्यासारख्या लढ्यांतून कायद्यात काही हक्क आले आहेत आणि ते वापरले तरच जिवंत राहतील. मार्च २०१९ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमां’नुसार सहभागी रुग्णाला त्याच्या भाषेतील माहितीपत्रक आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत मिळाली पाहिजे. रुग्ण निरक्षर असल्यास सर्व समजावून सांगितले जात असताना चाचणीशी संबंध नसलेला निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. पूर्णतः नव्या औषधाची चाचणी दुर्बळ गटातील व्यक्तीवर होत असेल, तर संमतीच्या प्रक्रियेचे दृक्-श्राव्य मुद्रण करावे लागते. एच.आय.व्ही. आणि कुष्ठरोग यांवरील औषधांच्या चाचणीत केवळ आवाजाचे मुद्रण होते, जेणेकरून रुग्णाचा चेहरा उघड होऊ नये. दत्तपूरच्या कुष्ठधामाचा आणि १९५१ पासून कुष्ठरोगनिर्मूलनाचे काम करणाऱ्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचा वारसा सांगणाऱ्या वर्धा जिल्ह्याला या तरतुदीचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळाले पाहिजेत. कायमची इजा किंवा मृत्यू ओढवल्यास भरपाई मिळाली पाहिजे, आणि ती ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराचे गांभीर्य यांनुसार मोजण्याचे सूत्र नियमांत दिले आहे. प्रमाणित उपचार उपलब्ध असताना ते न देता रुग्णाला निष्क्रिय गोळीवर ठेवले आणि त्यामुळे अपाय झाला, तर तोही चाचणीचाच अपाय समजला जातो. ज्या शैक्षणिक संशोधनांना औषध नियंत्रकांच्या परवानगीची गरज नसते, त्यांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. संशोधनापोटी होणारा खर्च रुग्णावर लादू नये, असे ती बजावतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण केव्हाही, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडू शकतो; त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

हे हक्क बजावण्यासाठी मुळात कोणती चाचणी कोठे चालू आहे, हे कळले पाहिजे. त्याची सोय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जुलै २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही चालवली आहे. ‘सीटीआरआय’ या नावाने ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची झाली आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच नोंद व्हावी लागते. प्रत्येक नोंदीत आजार, पुरस्कर्ता, केंद्रे, प्रमुख संशोधकाचा संपर्क, नीतिसमितीची मान्यता, कोणता रुग्ण घेणार व कोणता नाही, आणि भरती चालू आहे की संपली, हे सर्व असते. सावंगी (मेघे) हे नाव या नोंदवहीत वारंवार भेटते; पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासांच्याही नोंदी तीत होतात.

मग अडते कोठे? भाषेत अडते. नोंदवहीत प्रत्येक अभ्यासाला सामान्य लोकांसाठी म्हणून एक सोपे शीर्षक द्यावे लागते, आणि तेही इंग्रजीत असते! ज्याच्यासाठी ते लिहिले, त्यालाच ते वाचता येत नाही. परिणामी चाचणीची वार्ता रुग्णाला मिळते ती, ज्याला रुग्ण हवा आहे त्या संशोधकाकडूनच. डॉक्टर कितीही सज्जन असला तरी, विकणाऱ्यानेच वजन करावे आणि घेणाऱ्याने निमूट मान डोलवावी, अशी ही स्थिती आहे. उलट बाजूही तितकीच अन्यायाची आहे. ज्याला प्रचलित उपचार संपले आहेत आणि ज्याला एखाद्या चांगल्या सार्वजनिक चाचणीचा आधार मिळू शकला असता, तो रुग्ण केवळ ठाऊक नाही म्हणून घरी परततो.

अमेरिकेत एड्सच्या रुग्णांनी १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये औषध प्रशासनाच्या कचेरीलाच वेढा घातला होता. आम्हांला चाचण्यांची माहिती द्या, त्यांत प्रवेश द्या आणि त्या आखताना आमचे ऐका, अशी त्यांची मागणी होती. आणि पुढे प्रशासनाला बऱ्याच अंशी ती मानावी लागली. रुग्ण संघटित झाला की तो कच्चा माल राहत नाही, भागीदार होतो.

वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक तालुक्यातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने राष्ट्रीय नोंदवही पाहण्यास शिकावे आणि आपल्या भागातील चालू चाचण्यांची मराठी यादी दर महिन्याला कार्यालयाच्या फलकावर लावावी. कोणी रुग्ण संमतीपत्र घेऊन आला, तर त्याच्यासोबत बसून काही प्रश्न लिहून काढावेत. यात नवे काय आहे? चाचणीत गेलो नाही तर मला कोणते उपचार मिळतील? कोणत्या गटात जाईन हे कसे ठरेल? अपाय झाल्यास कोणाला कळवायचे? जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण देणार? औषध गुणकारी ठरल्यास चाचणी संपल्यावर ते मला मिळेल काय? उत्तरे मिळेपर्यंत सही करण्याची घाई नाही, हे रुग्णाला ठासून सांगावे. कार्यकर्त्याने ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ असे मात्र सांगू नये. निर्णय रुग्णाचाच, डॉक्टरची जागा पुढाऱ्याने घेतली तर रुग्णाच्या पदरात काही पडत नाही.

नीतिसमितीत किमान ७ सदस्य असावेत, त्यांपैकी निम्मे संस्थेबाहेरचे असावेत, आणि त्यांत एक सामान्य नागरिक व एक स्त्री असावी, असे नियम सांगतात. सामान्य नागरिकाची ती खुर्ची शोभेची ठरू नये. शेतमजूर, आशासेविका, रुग्णांचे नातेवाईक अशा माणसांना तीवर बसवण्याचा आग्रह संस्थांकडे धरला पाहिजे. राष्ट्रीय नोंदवही मराठीसह सर्व भारतीय भाषांत यावी, चाचणीचा निष्कर्ष सहभागी रुग्णांना त्यांच्या भाषेत कळवणे बंधनकारक व्हावे, आणि सार्वजनिक पैशातून सिद्ध झालेले स्वस्त उपचार ठरावीक मुदतीत सार्वजनिक रुग्णालयांत सुरू व्हावेत, या तीन मागण्या विधिमंडळात आणि संसदेत नेल्या पाहिजेत.

सावंगीच्या बाह्यरुग्ण विभागात उद्याही रांग लागेल. त्या रांगेतील एखाद्याचा अंगठा शाईच्या डबीवर टेकेल, तेव्हा त्याच्या शेजारी त्याच्या भाषेत वाचून दाखवणारा कोणी तरी असावा. एवढी व्यवस्था एका जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी जरी उभी केली, तरी संमती या शब्दाला त्याचा अर्थ परत मिळण्यास सुरुवात होईल.